१०० अंश दिसणारं, पातळ, हलकं भिंग: चष्मेवाल्या म्हाताऱ्या माणसांसाठी जमेल का?

मोल्डवाला_वाळूज
नमस्कार मंडळी. वाळूज एमआयडीसीत माझं इंजेक्शन मोल्डिंगचं छोटं युनिट आहे. दुचाकीचे इंडिकेटर, टेललॅम्पची कव्हरं, असली कामं. आता एक वेगळंच काम समोर आलंय. इथल्या काही मंडळींना वृद्धाश्रमांत अजिंठा-वेरूळ दाखवायचंय. ज्यांचे गुडघे गेलेत त्यांना खुर्चीत बसून डोळ्याला लावायचा डबा, आत साधा साडेसहा इंची मोबाइल, पुढं दोन भिंगं. मोबाइल आणि डबा ते बघणार, भिंगं मी करून द्यायची.

त्यांची अट अशी: निदान १०० अंश दिसलं पाहिजे, भिंग पातळ पाहिजे, हलकं पाहिजे, आणि चष्मा न काढता लावता आलं पाहिजे. मी ॲक्रिलिकमध्ये करीन म्हणतोय. साचा करायला अडचण नाही. पण त्या भिंगाचा आकार ठरवायचा कसा? आणि या चारही अटी एकदम जमतात का? जाणकारांनी जरा उजेड पाडावा.

लातुरी_तडका
उजेड पाडा म्हणून भिंगाच्या धाग्यावरच मागायलेत. चांगलंय. मी बी बसलोय वाचत.

परभणीचा_मास्तर
दादा, आधी दहावीच्या पुस्तकातलं गणित करू. पडदा भिंगाच्या नाभीपाशी ठेवायचा, म्हणजे प्रतिमा लांब गेल्यासारखी दिसते. मग किती अंश दिसणार हे दोनच गोष्टींवर ठरतं: पडदा केवढा आणि नाभीय अंतर किती. पडद्याचं मधल्यापासूनचं अंतर भागिले नाभीय अंतर, त्याचा उलटा टॅन्जंट.

साडेसहा इंची मोबाइल आडवा धरला की पडदा अंदाजे १५० मिमी रुंद आणि ६८ मिमी उंच. दोन डोळ्यांतलं अंतर सरासरी ६३ मिमी. म्हणजे प्रत्येक डोळ्याला नाकाकडे ३१.५ मिमी पडदा मिळतो, कानाकडे साधारण ४३ मिमी. नाभीय अंतर ४० मिमी धरलं तर आतल्या बाजूला ३८ अंश, बाहेरच्या बाजूला ४७, एकूण ८५ च्या आसपास. १०० जवळ जायचं तर नाभीय अंतर ३२ मिमी करावं लागेल. मोठा आकडा हवा तर भिंग जास्त ताकदीचं, आणि जास्त ताकदीचं म्हणजे जास्त फुगीर. पातळपणाशी भांडण इथंच सुरू होतं.

गेमर_सिडको
१०० च्या खाली काहीच मजा नाही काका. दुर्बिणीतून बघितल्यासारखं वाटतं, कडेला काळं दिसतं. माझ्याकडे क्वेस्ट ३ हेडसेट आहे, डोळ्यांवर बांधून बघायचा, त्यात आडवे ११० अंश आहेत आणि भिंग एवढंसं पातळ. २०२३ पासून हे बाजारात मिळतंय, तर तुम्हाला का नाही जमणार? पॅनकेक भिंग टाका, विषय संपला.

किरणगणित
गाव नांदेड, पोटापाण्यासाठी बंगळुरूला, काम ऑप्टिकल डिझाइनचंच. त्यामुळं जरा लांब लिहितो.

मास्तरांचं गणित बरोबर आहे, त्यात एक गोष्ट जोडतो: डोळा भिंगापासून किती लांब आहे. आम्ही त्याला आय रिलीफ म्हणतो. किल्लीच्या भोकाला डोळा लावला की अख्खी खोली दिसते, हातभर मागं सरकलं की नुसतं भोक दिसतं. तसंच हे. चष्मा घालून बघायचं तर डोळा आणि भिंग यांत निदान १८ मिमी लागतात. शिवाय डोळा फिरतो. डोळा फिरण्याचा मध्य बाहुलीच्या साधारण १० मिमी मागे असतो, त्यामुळं २० अंश बाजूला बघितलं की बाहुली साडेतीन मिमीच्या आसपास सरकते. तिला दोन्हीकडे जागा हवी, म्हणून ८ मिमी वेगळे धरा.

आता भिंगाचा व्यास: आय रिलीफच्या दुप्पट गुणिले अर्ध्या कोनाचा टॅन, अधिक ते ८. दोन्ही बाजू फुगीर असलेलं साधं ॲक्रिलिकचं भिंग धरू, अपवर्तनांक १.४९.

नाभीय अंतर ३२ आणि बाहेरच्या बाजूला ५४ अंश धरले तर व्यास ५७ मिमी येतो. वक्रतेची त्रिज्या ३१ मिमी. एवढ्या व्यासाला एवढी वक्रता म्हणजे मध्ये जाडी ३९ मिमीच्या घरात. एका भिंगाचं वजन ७० ग्रॅम. ते भिंग नाही, पेपरवेट आहे. एकच बाजू फुगीर ठेवली तर त्रिज्या १५.७ येते, म्हणजे पुरा अर्धगोल कापला तरी व्यास ३१ च्या वर जात नाही. गोल पृष्ठभागात ते भिंग अस्तित्वातच येऊ शकत नाही.

तेच ४० चं नाभीय अंतर, एकूण ८० अंश, आय रिलीफ १८: व्यास ३८ मिमी, जाडी १२, वजन १० ग्रॅमच्या आत. वीस अंशांची किंमत साठ ग्रॅम. (हे पातळ भिंगाच्या सूत्रावरचे अंदाज आहेत, पण दिशा हीच.)

पॅनकेकबद्दल उद्या लिहितो, मीटिंग आहे.

लातुरी_तडका
७० ग्रॅमचे दोन. आजोबांची मान दुखली तर डबा काढून डोक्यावर पापड लाटता येतील.

औंढेकर
आमच्या औंढा नागनाथला गुरुत्वीय लहरी पकडणारी लायगो-इंडिया वेधशाळा होणार, तिथं ४ किलोमीटरच्या भुजा असणार आणि प्रकाश आरशांमध्ये शेकडो वेळा मागं-पुढं जाणार. त्यामुळं थोड्या जागेत लांब अंतर कसं बसवायचं हे हिंगोलीकरांना विचारा.

(चेष्टा सोडा. अमेरिकेतल्या लायगोत प्रकाश सुमारे ३०० वेळा फिरतो आणि ४ किमीचे १२०० किमी होतात. पॅनकेकमध्येही प्रकाश घडी घालूनच बसवतात ना?)

किरणगणित
@औंढेकर, चेष्टेत नेमकं बोललात. हेतू वेगळा, पण घडी तीच. फरक एवढाच की तिथं शेकडो फेऱ्या, इथं तीन.

पॅनकेकमध्ये पडद्याकडून आलेला प्रकाश आधी अर्ध्या आरशातून आत शिरतो. पुढं एक परावर्तक पोलरायझर असतो. तो प्रकाशाच्या लहरी कुठल्या दिशेनं कंप पावतात (म्हणजे ध्रुवीकरण) ते बघून एक जात सोडतो, दुसरी परत पाठवतो. पहिल्या खेपेला तो त्याला परत पाठवतो. प्रकाश मागं जाऊन अर्ध्या आरशावर आपटतो, पुन्हा पुढं येतो, आणि मधल्या क्वार्टर वेव्ह प्लेट नावाच्या पातळ थरामुळं त्याचं ध्रुवीकरण बदललेलं असल्यानं या खेपेला पोलरायझर त्याला सोडतो. तीच जागा तीनदा वापरली, म्हणून डबा पातळ. शिवाय ताकदीचा मोठा वाटा वक्र आरसा देतो, आणि आरसा रंग फाकवत नाही.

कल्पना नवीन नाही. फॅरँड ऑप्टिकलच्या ला रुसांचं पेटंट १९६९ चं, विमानाच्या सिम्युलेटरसाठी. मग हेडसेटमध्ये यायला इतकी वर्षं का लागली? कारण उजेड. अर्धा आरसा दोनदा लागतो, दोन्ही वेळा निम्मा प्रकाश जातो. उरला २५ टक्के, तोही सगळं आदर्श असेल तर. पडदा ओएलईडी असेल तर त्याचा प्रकाश आधीच ध्रुवित नसतो, तिथं आणखी निम्मा जातो: साडेबारा टक्के. पडदे पुरेसे प्रखर आणि छोटे झाले तेव्हा हे परवडायला लागलं.

@मोल्डवाला, तुमच्यासाठी खरी अडचण पुढची आहे. हा सगळा खेळ ध्रुवीकरणावर चालतो. साच्यात प्लास्टिक थंड होताना आत ताण राहिला तर तो ध्रुवीकरण बिघडवतो. मग जो प्रकाश परत जायला हवा तो थेट निसटतो आणि चित्राच्या मागं फिकट भूत दिसतं. काळ्याभोर लेण्यात दिवा दाखवला की ते भूत पहिल्यांदा दिसणार.

मोल्डवाला_वाळूज
ताण तर टेललॅम्पमध्येही असतो. तो बघायचा कसा? आमच्याकडे मापायचं यंत्र नाही.

परभणीचा_मास्तर
लॅपटॉपवर पांढराशुभ्र पडदा लावा. एलसीडीचा प्रकाश ध्रुवित असतो. भिंग पडद्यापुढं धरा आणि पोलराइज्ड गॉगल घालून, मान तिरकी करत करत जिथं पडदा काळा पडतो तिथं थांबा. भिंगात रंगाचे पट्टे दिसले तर तो ताण. गेटपाशी, म्हणजे साच्यात प्लास्टिक शिरतं तिथं, सगळ्यात जास्त दिसतील. शाळेत मी प्लास्टिकची पट्टी अशी दाखवतो, पोरं तास संपला तरी उठत नाहीत.

मोल्डवाला_वाळूज
आत्ताच इंडिकेटरचं कव्हर धरून बघितलं. अख्खी रंगपंचमी. हे कव्हर पॉलिकार्बोनेटचं आहे म्हणून का?

किरणगणित
हो, पॉलिकार्बोनेटमध्ये ताण जास्त उठून दिसतो. शिवाय ते रंगही जास्त फाकवतं: ॲक्रिलिकचा ॲबे अंक ५७ च्या आसपास, पॉलिकार्बोनेटचा ३०. अंक कमी तितकी कडेला निळी-लाल किनार जास्त. अपवर्तनांक १.५८ आहे म्हणून मोहात पडू नका. पॅनकेकवाले सहसा सायक्लो ओलेफिन नावाचं प्लास्टिक घेतात. तुम्हाला ॲक्रिलिक बरं.

गेमर_सिडको
मग फ्रेनेल? २०१६ च्या व्हाइव्हमध्ये होतं, क्वेस्ट २ मध्येही होतं. पातळ पण, रुंद पण.

किरणगणित
फ्रेनेल म्हणजे भिंगाची वक्रता तेवढी ठेवायची, आतला मालमसाला काढून टाकायचा. फ्रेनेल साहेबांनी १८२० च्या दशकात दीपगृहासाठी केलं, तिथं उजेड लांब फेकणं हेच काम होतं, चित्राची बारीकी नव्हती. हेडसेटमध्ये प्रत्येक खाचेची उभी भिंत प्रकाश भलतीकडे उडवते. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं आली की किरणांचा झोत पसरलेला दिसतो. अंधारं लेणं आणि त्यात उजळलेली मूर्ती, म्हणजे फ्रेनेलची सगळ्यात वाईट परीक्षा.

साच्याचं म्हणाल तर खाचा हिऱ्याच्या टूलने कापाव्या लागतात आणि खाचेचं टोक जितकं बोथट तितका उडालेला प्रकाश जास्त.

वेरूळचा_वाटाड्या
मी गाईड आहे, भिंगातलं कळत नाही, पण लेण्यातलं कळतं. तुम्ही सगळे अंशांवरून भांडताय, कोणी विचारलं का की बघायचं काय आहे?

अजिंठ्याच्या १ नंबरच्या लेण्यात पद्मपाणी. तिथं माणूस उभा राहतो आणि मुकुट, पापणी, हातातलं कमळ एवढंच बघत राहतो. रुंदी नकोच असते, बारीकी पाहिजे. २६ नंबरमध्ये महापरिनिर्वाणाची मूर्ती, ७ मीटरच्या आसपास लांब. ती मात्र एका नजरेत मावत नाही. आणि वेरूळला कैलास म्हणजे मान वर, मान खाली. वरून कोरत आणलंय, खोली ३० मीटरच्या घरात. तिथं आडव्यापेक्षा उभं जास्त दिसायला पाहिजे.

आणि एक: अजिंठ्याला डोली मिळते. ज्यांना जमतं त्यांना घेऊनच या, डबा दुसऱ्यांसाठी ठेवा.

परभणीचा_मास्तर
वाटाड्याभाऊ, तुमची मूर्ती मोजली. ७ मीटर लांब आणि आपण ३ मीटरवर उभे, तर ती ९९ अंश व्यापते. म्हणजे गेमरच्या १०० अंशांना पुरावा मिळाला.

गेमर_सिडको
बघा!

वेरूळचा_वाटाड्या
पण मास्तर, लोक तिथं उभं राहून पायापासून डोक्यापर्यंत मान फिरवतच बघतात की. एका ठिकाणी डोळे लावून कोणी बघत नाही.

किरणगणित
वाटाड्यांनी जे सांगितलं त्यावरच आम्ही डिझाइनमध्ये चित्राच्या कुठल्या भागाला किती महत्त्व द्यायचं ते ठरवतो. माणूस डोळे साधारण १५ ते २० अंश फिरवतो, त्यापुढं मानच वळवतो. म्हणून मधल्या ३०-४० अंशांत चित्र कडक तीक्ष्ण पाहिजे. कडेला थोडं मऊ चालतं, तिथं फक्त हालचाल आणि उजेड कळतो. संगणकाला सगळीकडे सारखंच तीक्ष्ण कर म्हटलं तर तो मध्यही बिघडवून ठेवतो.

आणि रुंदीची दुसरी किंमत. मोबाइलच्या पडद्यावर ठिपके तेवढेच. २४०० ठिपके १५० मिमीत. ४० मिमीच्या भिंगाला मध्यभागी एका अंशात ११ ठिपके येतात, ३२ च्या भिंगाला ९. निरोगी डोळा ६० पर्यंत ओळखतो. क्वेस्ट ३ ला २५ आहेत. तुमचा पडदा आधीच गरीब आहे, तो आणखी ताणलात तर पद्मपाणीची पापणी जाणार. गेमरभाऊंच्या हेडसेटमध्ये ११० अंश शोभतात कारण मागं तेवढे ठिपके आहेत.

औंढेकर
मग ते चष्म्यासारखे ऑगमेंटेड रिॲलिटीवाले, समोरचं खरं दिसतं आणि त्यावरच चित्र दिसतं ते? त्यात तर भिंग दिसतच नाही.

किरणगणित
ती जात वेगळी. प्रकाश काचेच्या पट्टीत शिरवतात, तो आतल्या आत आपटत पुढं सरकतो आणि डोळ्यासमोर बाहेर काढतात. आतल्या आत राहण्यासाठी ठरावीक कोनाच्या वरच आपटावं लागतं. साध्या काचेत तो कोन ४२ अंश, अपवर्तनांक २.६ असेल तर २३. जितका हा कोन लहान तितकं रुंद चित्र आत मावतं. २०१९ च्या होलोलेन्स २ ला कर्णावर ५२ अंश होते, मॅजिक लीप २ ला ७०. मेटाने २०२४ मध्ये ओरायन दाखवला, त्यातही ७० च्या आसपास, आणि पट्टी सिलिकॉन कार्बाइडची.

मोल्डवाला_वाळूज
सिलिकॉन कार्बाइड? म्हणजे आमच्या ग्राइंडिंग व्हीलमधलं कार्बोरंडम? ते डोळ्यावर घालायलेत?

लातुरी_तडका
चष्मा बी आणि कोयत्याला धार बी.

किरणगणित
तेच, पण एकसंध स्फटिक, पारदर्शक. किमतीचं विचारू नका.

नेत्रा_अंबाजोगाई
मी नेत्रतज्ज्ञ आहे. इतका वेळ वाचत होते, कारण ज्यांच्यासाठी हे चाललंय त्यांचे डोळे अजून धाग्यात आलेच नाहीत.

वृद्धाश्रमातल्या बहुतेकांचं एक तर मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असेल, नाहीतर वय इतकं की डोळ्यातलं भिंग जवळ-लांब करत नाही. तरुणांना हेडसेटमध्ये जो त्रास होतो, डोळे आत वळतात पण फोकस मात्र ठरावीक अंतरावरच अडकतो, तो या मंडळींना जवळजवळ होत नाही, कारण त्यांचा फोकस हलतच नाही. ही तुमची फुकटची सवलत. ऑपरेशनमध्ये डोळ्यात बसवलेली लेन्स बहुधा लांबच्या नजरेसाठीची असते, म्हणून प्रतिमा लांबच ठेवा.

आता गैरसोय. चष्मा अनेकांचा बायफोकल असतो. डब्यातून बघताना नजर खालच्या वाचायच्या भागातून गेली तर धूसर दिसणार, म्हणून डबा असा बसला पाहिजे की चित्राचा मध्य वरच्या भागात येईल. चष्मा काढून बघा म्हणाल, तर गोल नंबर फोकस सरकवून भागवता येईल, पण ऑपरेशननंतर उरलेला सिलिंडर नंबर भिंग सरकवून जात नाही. म्हणून चष्मा राहू द्या. काच डोळ्यापासून १२-१४ मिमीवर असते, तिची स्वतःची जाडी, पुढं थोडी मोकळी जागा. किरणगणित यांनी १८ धरलेत, मी २० म्हणेन. चष्म्याच्या काचेवर तुमचं भिंग घासलं तर नातेवाईक तुम्हालाच बोलतील.

चक्कर येऊ नये म्हणून स्थिर चित्रं ठेवा. चालत्या कॅमेऱ्याचं चित्रण म्हाताऱ्या माणसांना अजिबात नको.

किरणगणित
धन्यवाद ताई. २० धरले. मग ८० अंशांना व्यास ४२, जाडी १४. अजूनही शहाण्यासारखं भिंग आहे. ३२ च्या भिंगाला २० धरून बघितलं तर व्यास ६३ येतो, म्हणजे दोन्ही भिंगं नाकावर एकमेकांना चिकटतात. १०० अंश, एकच भिंग आणि चष्मा, ही तिघं एका डब्यात बसत नाहीत.

फोकससाठी भिंग पुढं-मागं सरकेल असं करा. ४० मिमीच्या भिंगाला १ मिमी म्हणजे ०.६ नंबर. उणे तीन ते अधिक दोन हवं तर ८ मिमीची सरक पुरे.

गेमर_सिडको
८० म्हणजे डब्याच्या कडा दिसणार. मी अजून पटलेलो नाही. पण आजीला माझा हेडसेट लावला होता, तिनं पहिलं वाक्य काढलं, 'जड हाय रे'. अंशांबद्दल काही बोलली नाही.

मोल्डवाला_वाळूज
मंडळींशी फोनवर बोललो. १०० अंश कुठून आले विचारलं तर म्हणे जाहिरातीत वाचलं. ८० आणि चष्म्यासह चालेल म्हणाले, वाटाड्याभाऊंचं पद्मपाणीचं उदाहरण सांगितल्यावर लगेच.

आता पृष्ठभाग गोलच ठेवू की अगोल? साच्याचे इन्सर्ट हिऱ्याने टर्निंग करून मिळाले तर मला दोन्ही सारखेच पडतात. चिकलठाण्याला इंडो-जर्मन टूल रूममध्ये आधी चौकशी करतो.

किरणगणित
अगोलच. डोळ्याकडची बाजू चपटी, पडद्याकडची जास्त फुगीर, आणि कडेकडे वक्रता सैल होत गेलेली. ऑप्टिलँड नावाची पायथनमधली मोफत लायब्ररी आहे, तीत मांडून देतो. एक करा: बाहुली मध्यावर ठेवून एकदा आणि बाजूला सरकवून पुन्हा, अशी दोन्हींची किरणं तपासल्याशिवाय आकार पक्का करायचा नाही. चित्र कडेला ताणलं जाईल, उशीच्या आकाराचं. ते भिंगात दुरुस्त करू नका, मोबाइलमध्ये उलट वाकडं चित्र दाखवलं की सरळ होतं. लाल, हिरवा, निळा वेगवेगळे वाकवले तर रंगाची किनारही बरीच जाते. भिंगाचं निम्मं काम असं सॉफ्टवेअरवर ढकलता येतं. धूसरपणा मात्र ढकलता येत नाही.

१४ मिमी जाडी म्हणजे थंड व्हायला वेळ लागणार. टेललॅम्पच्या सायकलटाइमची, म्हणजे एक नग निघायला लागणाऱ्या वेळेची, सवय सोडा, दाब बराच वेळ धरून ठेवा, नाहीतर मध्यभागी खड्डा बसेल. गेट रुंद ठेवा आणि भिंगाभोवती निदान ३ मिमीची कड द्या, म्हणजे मास्तरांची रंगपंचमी कडेतच राहील.

मोल्डवाला_वाळूज
सायकलटाइमचं ऐकून पोटात गोळा आला, पण नग तरी किती लागणार. करतो. फोटो कोण काढणार हे अजून ठरायचंय. दोन डोळ्यांसाठी दोन कॅमेरे ६३ मिमी अंतरावर, बरोबर ना?

वेरूळचा_वाटाड्या
बरोबर-चूक तुम्ही बघा. पण स्टँड लावून फोटो काढायचे तर पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, आणि अजिंठ्यात फ्लॅश चालत नाही. अंधारात स्टँडशिवाय तुमचं चित्र हलणार. अर्ज आधी टाका, साचा नंतर. आणि सोमवारी अजिंठा बंद असतं, वेरूळ मंगळवारी.

लातुरी_तडका
रविवारी या, मी बी येतो. डोलीत बसतो, कॅमेरा धरतो.